निंगम्माची आठवी खूण

चाळीस वर्षं मी फरशीच्या खाणीत छिन्नी चालवली. कोण काम करतो आणि कोण नुसता घाम पुसतो हे मला लांबून कळतं. निंगम्मा काम करणारी होती.

ती आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस. कलबुर्गीला जाऊन तिनं मुलांच्या हक्कांचं शिक्षण घेतलं आणि मग तेच गावोगाव शिकवायला लागली. आमच्याकडे एक पोर पंधराव्या वर्षी बाळंतपणात गेली होती. तिला शेवटची आंघोळ निंगम्मानं घातली. त्यानंतर तिनं एकच धरलं, या गावातून अठराच्या आतली मुलगी लग्न होऊन जाणार नाही. सहा वर्षं एकही गेली नाही.

तिनं सात खुणा ठरवल्या होत्या. पत्रिका छापायला गेली, मंडपवाला आला, आचारी ठरला, वाजंत्री सांगितली, सोनाराकडे फेरी झाली, अय्यांनी मुहूर्त काढला, मुलगी तीन दिवस शाळेत नाही. यातलं एक दिसलं तरी मुलांच्या मदतीच्या दहा-नऊ-आठ या नंबरवर फोन करायचा. गावच्या समितीत मी होतो. पोरं पाढे म्हणतात तशा त्या खुणा आम्ही म्हणायचो.

तालुक्याच्या पोलीस शिपायांना, मास्तरांना, नर्सबाईंनाही तीच शिकवायची. एकदा मी बघायला गेलो. सरावासाठी ती स्वतः नवरीचा बाप झाली होती आणि शिपाई भीमराया लग्न थांबवायला आला होता.

"साहेब, माझी आई मरायला टेकलीय. नातीचं लग्न बघून डोळे मिटते म्हणते."

"मग... लवकर उरका," भीमराया म्हणाला.

सगळे हसले. निंगम्मा हसली नाही. "तुझी आजी कितीदा मेली रे, रजा घेताना? चल, पहिल्यापासून."

नऊ वेळा करून घेतलं. नवव्या वेळी त्यानं वयाचा दाखला मागितला, तेव्हा तिनं त्याला पाणी दिलं.

माझ्या शेजारी अंबिका राहायची. नववीची परीक्षा दिलेली, वय चौदा. बाप नाही, आई गुरम्मा खाणीत खडी फोडते. मे महिन्यात पोर मामाकडे निघाली. दरवर्षीच जायची. गुरम्मानं हाक मारली, "अज्जा, ट्रंक तेवढी बसवर चढवून द्या."

मी उचलली. जड होती.

"दगड भरलेत का गं?"

"भांडी आहेत. त्याच्या घरात बाईमाणूस नाही, पितळेचं काही नाही," गुरम्मा म्हणाली. मला खायला शेंगा होळगी, शेंगदाण्याची सणाची पोळी दिली. सुट्टीला जाणाऱ्या पोरीच्या घरी होळगी कशाला, हे मनात आलं नाही.

अंबिकानं विचारलं, "अज्जा, तुम्ही निंगम्माक्कांच्या समितीत आहात ना?"

"आहे की. का?"

आई बसच्या दारात उभी होती. पोर म्हणाली, "काही नाही."

मी ट्रंक टपावर चढवली आणि दोरी घट्ट आवळली.

जूनमध्ये शाळा उघडली. तीन दिवस अंबिकाचा पत्ता नाही. मास्तरांनी नाव कळवलं. निंगम्मा गुरम्माकडे गेली, मीही गेलो.

"लग्न?" गुरम्मानं भाकरी थापणं थांबवलं नाही. "कुठला मंडप, कुठली पत्रिका? माझ्या भावाकडे आहे ती. मुलगी मामाच्या घरी राहिली तर गुन्हा आहे का, अक्का?"

दुसऱ्या दिवशी भीमरायाला घेऊन आम्ही तिच्या मामाच्या गावी गेलो. मामाचं वय बत्तीस. आमच्या भागात भाची मामाला द्यायची जुनी रीत आहे. अंबिका चुलीपाशी होती. पायात जोडवी.

"ही काय?" निंगम्मानं विचारलं.

"आमच्या वारलेल्या आईची. हौसेनं घातलीत पोरीनं," मामा म्हणाला. "विचारा तिला."

अंबिकानं मान डोलावली. माझ्याकडे पाहिलं, मग राखेकडे.

भीमराया शिकवल्याप्रमाणे वागला. पत्रिका? नाही. मंडप, वाजंत्री, आचारी, अय्या? शेजाऱ्यांना विचारलं. नाही, नाही, नाही. वयाचा दाखलासुद्धा मागितला. मामानं लगेच काढून दिला, "चौदाच आहे की. मी कुठं नाही म्हणतो?"

मी म्हणालो, "साहेब, ट्रंक जड होती. संसाराची भांडी होती त्यात."

"अज्जा, वजनाचा पंचनामा कसा करू?" त्यानं लिहिलं, मुलगी मामाकडे राहते, तक्रार नाही. तो आळशी नव्हता. सातही खुणा त्यानं मन लावून तपासल्या.

परतीच्या बसमध्ये निंगम्मा म्हणाली, "लिंगण्णा, मीही अशीच गेले होते. तेरावं वर्ष, एक ट्रंक, सख्खा मामा. हळद नाही, वाजंत्री नाही. देवळात दोघंतिघं होते, झालं. माझं लग्न झालं असं मला कधी वाटलंच नाही. मामाकडे गेले, एवढंच वाटलं. म्हणून खुणांत घातलं नाही."

अंबिकाची ट्रंक मीच टपावर बांधली होती. बोलण्यासारखं काम माझ्या हातून झालं नव्हतं. ती तालुक्याच्या कचेरीत चार वेळा अर्ज घेऊन गेली. मुलगी स्वतः काही म्हणत नाही, असं चारही वेळा उत्तर मिळालं.

पुढच्या महिन्यात पंचायतीच्या खोलीत तिनं फळ्यावर सात खुणा लिहिल्या आणि खाली आठवी लिहिली: मुलगी भांडी घेऊन मामाकडे गेली.

"म्हणा," ती म्हणाली.

सात आम्ही म्हटल्या. आठवीला खोली गप्प झाली. पुढच्या रांगेत बसलेल्या बायकांतल्या निम्म्या तशाच आल्या होत्या. एकीनं पदर तोंडाशी धरला. दुसरी उठली, "भाकऱ्या टाकायच्यात अक्का," म्हणून गेली. तिच्यामागून आणखी तिघी गेल्या. निंगम्मा खडू हातात धरून उभी राहिली. तिनं पुन्हा म्हणायला सांगितलं नाही. नऊ वेळा करून घेणारी बाई.

यंदा मे महिन्यात बसथांब्यावर दोन ट्रंका आल्या. मी फोन केला. पलीकडून विचारलं, "लग्न कधी आहे?" मी म्हणालो, "लग्न नाही." त्यांनी गावाचं नाव लिहून घेतलं. कोणी आलं नाही.

ट्रंका मी उचलल्या नाहीत. दुसऱ्यांनी उचलल्या.