खुर्च्यांना झगे, आम्हाला क्रेडिट

अकरावीला मी आतिथ्य हा विषय घेतला, कारण आमच्या शाळेतल्या सरांनी पालकसभेत तो फार गोड करून विकला. यशवंतपूरजवळच्या एका मोठ्या हॉटेलात प्रत्यक्ष काम शिकायचं आणि त्याचे क्रेडिट थेट गुणपत्रिकेत. "परदेशात जातील तुमची मुलं," सर म्हणाले. माझे बाबा निपाणीहून येऊन राजाजीनगरात स्थिरावलेले, एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारे. घरी येऊन ते आईला त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "सरी, बरंय, घेऊ दे की. हातात कसब तरी येईल."

कसब आलं. हॉटेलवाल्यांनी आम्हाला कापडी रुमालाचा पंखा करायला शिकवलं आणि तिथेच आमचं शिक्षण संपलं. त्यापुढे आम्ही लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्यांना पांढरे झगे चढवायचो, पाठीमागे सोनेरी फितीचं फूल बांधायचो आणि लग्न उरकलं की ते सगळं उतरवायचो. खुर्च्यांची इतकी सरबराई मी आजवर दुसरीकडे पाहिलेली नाही. एकदा स्वयंपाकघरात डोकावले, तर सुपरवायझर बाई खेकसल्या, "ट्रेनी ना तू? मग इथं काय काम?"

माझ्या मैत्रिणीने लवकरच यायचं बंद केलं. तिच्या आईने शाळेत कळवलं, "खुर्च्या आमच्या घरीही आहेत."

मग सर मूल्यमापनाला आले. रविवारी आले, बायकोमुलांना घेऊन. हॉटेलने त्यांना बुफेला बसवलं. मी पाण्याचा जग घेऊन भिंतीशी उभी होते. सरांनी मान वर न करताच बोटं हलवून कानडीत पाणी मागितलं, "स्वल्प नीरु, अम्मा."

मी पाणी ओतलं आणि म्हणाले, "सर, मी तुमच्याच वर्गातली."

"अरे हो! गुड, गुड. काय शिकलीस?"

"खुर्च्यांना झगे घालायला."

"व्हेरी गुड. गुलाबजामून गरम आहेत का, बघ जरा."

मी जागची हलले नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. शेवटी त्यांची बायकोच ओशाळून उठली आणि जामून घेऊन आली. हेच आमचं मूल्यमापन.

निकालात सगळ्यांना सारखेच गुण होते, त्या मैत्रिणीलासुद्धा. मी सरांना गाठलं. "सर, ती तर येतच नव्हती."

"तुला कमी पडले का?" सरांनी विचारलं. गुण भरघोस होते.

बारावीला मी तो विषय सोडला. बाबा जेवता जेवता म्हणाले, "आमचा उस्ताद शिव्या द्यायचा, पण मशीनला हात लावू द्यायचा."

जूनमध्ये नव्या अकरावीसाठी पुन्हा पालकसभा भरली. सरांनी मलाच बोलावून उभं केलं, "अनुभव सांग." मीही सांगितला. झगे, फिती, बंद स्वयंपाकघर, काही गाळलं नाही. सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसूभर हललं नाही. मागून एका आईने हात वर केला. मला वाटलं, आता ही सरांना चांगलं फैलावर घेणार.

"तिथं पोरांना जेवण देतात का?" तिने विचारलं.

"देतात, देतात!" सर म्हणाले.

त्या वर्षीही वर्ग पूर्ण भरला.