सात मात्रांची कॅसेट

नव्वदच्या दशकात देवासच्या आमच्या कॉलनीत परदेशी रॉकची ती कॅसेट फक्त माझ्याकडे होती. तिची एक अख्खी बाजू म्हणजे वीस मिनिटांचं एकच गाणं. ऑर्गन सुरू झाला की मी डोळे मिटायचो. पण मधला ठेका वर्षभर ऐकूनही मला मोजता येत नव्हता.

शेजारचा मित्र तबला शिकायचा. त्यानं ते गाणं पहिल्यांदाच ऐकलं आणि मांडीवर ताल धरत म्हणाला, "भिया, हा तर आपला रूपक! सात मात्रा."

मी मोजून पाहिलं. बरोबर होतं. माझा नुसता जळफळाट झाला. त्यानं कॅसेट मागितली, तेव्हा "टेप अडकते रे," असं खोटंच सांगितलं. पुढे आठवडाभर मी एकटाच सात मोजत ऐकत बसलो. गाणं आता आणखी सुंदर वाटायचं, आणि त्याचाच जास्त राग यायचा.