कोयत्यानं घडवलेली जात

आमच्या सरांच्या नावावर आयुष्यात एकच वनस्पती होती. खुलताबादच्या उतारावर तरुणपणी सापडलेलं, कोरांटीच्या कुळातलं एक बुटकं, केसाळ पानांचं झुडूप. नवी जात म्हणून त्यांनी तिला शास्त्रीय नाव दिलं आणि संभाजीनगरच्या आमच्या कॉलेजात त्या एका नावावर सगळी नोकरी मानानं काढली. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. निवृत्तीच्या तोंडावर त्यांनीच मला काम लावलं: कॉलेजच्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातलं कुठलं नाव आज ग्राह्य, कुठलं नुसतं समानार्थी, म्हणजे त्याच वनस्पतीला मागाहून पडलेलं दुसरं नाव, ते ठरवायचं.

मी खुलताबादच्या त्या उतारावर गेले, तर एक शेळ्या राखणारी बाई कोयत्यानं नेमकी तीच झुडपं सपासप तोडत होती. मी तिच्या अंगावर ओरडले.

"दरसाल तोडते मी, ताई," ती म्हणाली. "तोडलं की असंच बुटकं फुटतंय. त्या कबरस्तानाच्या भितीआड बघा, तिथं कोणी तोडत नाय."

भिंतीआड उंच, गुळगुळीत पानांची साधी जात उभी होती. तिचं नाव सरांनी दिलेल्या नावाहून कितीतरी जुनं, आणि आमच्या शास्त्रात एकाच वनस्पतीला दोन नावं पडली तर जुनं नाव जिंकतं.

माझा विश्वास बसेना. कॉलेजच्या बागेत मी साधी जात लावली आणि वर्षभर बुंध्यापर्यंत छाटत राहिले. खोटं कशाला सांगू, पुढं पुढं मला त्यात मजा यायला लागली. सर मला चारचौघांत ढेकळातून आलेली म्हणायचे. तो सगळा राग त्या झुडपावर निघायचा. शेवटी त्यालाही बुटकी, केसाळ पालवी फुटली.

निकालाचा कागद मी सरांपुढं ठेवला. त्यांनी तो वाचला आणि माझ्या कानाखाली सणसणीत वाजवली. मग ज्या वाळवलेल्या फांदीवरून त्यांनी नाव दिलं होतं, तीच कपाटातून काढून, चिकटवलेल्या कागदासकट टराटरा फाडायला लागले. मी त्यांना ढकललं, होतं नव्हतं ते बळ लावून. त्यांचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं, कपाळ फुटलं. ते खालीच बसले, मांडीवर पानांचा चुरा.

"मग माझं काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं. त्यांनीच शिकवलं होतं, पण त्या घटकेला त्यांना ते आठवत नव्हतं. समानार्थी नाव पुसत नाहीत; ग्राह्य नावाखाली ते कायम छापलं जातं, देणाऱ्याच्या नावासकट. एवढं सांगितलं असतं तर माणूस उठून उभा राहिला असता. पण माझा कान अजून वाजत होता.

"काय नाय, सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, कपाळाला रुमाल लावला आणि गेले. संग्रहात ते पुन्हा कधी आले नाहीत.