खुणेचा तारा

करुणाला भुताखेतांची भीती कधी वाटली नाही. कारेगावच्या नागसेन यांची ही लेक अकरावीपासून एकटी एसटीनं पुण्याला जायची, आणि आता तिथल्याच एका संस्थेत ताऱ्यांवर पीएचडी करते. त्या रविवारी मात्र बापाच्या एका साध्या प्रश्नानं तिला कापरं भरलं.

जेवणं उरकली होती. तिचा पहिला शोधनिबंध मंगळवारी छापून येणार होता, आणि फेलोशिपचं पुढचं वर्ष त्याच्यावरच ठरायचं होतं. लॅपटॉपवर तिनं पप्पांना दोन चित्रं दाखवली. एक प्रचंड तारा फुटला, त्याच्या उडालेल्या मालाचं हे कडं. आतला ठिपका म्हणजे त्याचा उरलेला गाभा, न्यूट्रॉन तारा. स्फोटाच्या धक्क्यानं तो भिरकावला गेला. बारा वर्षांनी काढलेल्या दुसऱ्या चित्रात तो केसभर सरकला होता, त्यावरून तिनं वेग काढला : सेकंदाला नऊशे किलोमीटर.

नागसेन एकवीस वर्षं कंपनीत सुट्या भागांची मापं तपासतात. त्यांनी चष्मा सारखा केला. "मोजलं कुठनं?"

"शेजारच्या तीन ताऱ्यांवरनं. त्यांच्या खुणेवर दोन्ही चित्रं जुळवली."

"आन् ते तीन हलत न्हाईत, हे कुणी बघितलं?"

बाप-लेक जगाची मापं काढतात, भाजीतलं मीठ तेवढं मीच बघायचं, असं तिची आई ललिताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. करुणा हसली नाही. तिनं ताऱ्यांची यादी उघडली. तिघांतला सगळ्यात ठळक, ज्याच्यावर सारी भिस्त, तो स्वतःच सरकत होता. त्याची चाल यादीत दिलेली होती. धरायची राहून गेली होती. ती धरली तर नऊशेचे दोनशे झाले, आणि मोजण्यातली चूकही तेवढीच, दोनशेपर्यंत असू शकत होती. ठिपका हलला की नाही, हेच सांगता येईना.

गप्प बसलं तर? कुणाला कळणार?

"माल गेटच्या आत हाय तवर चूक म्हणत्यात," नागसेन हळू म्हणाले. "बाहेर गेल्यावर फसवणूक."

तिनं पीएचडीच्या मार्गदर्शक मॅडमना फोन लावून सगळं सांगितलं. मॅडमनी त्या ताऱ्याची यादीतली चाल पुन्हा वाचून घेतली, मग म्हणाल्या,

"निबंध मागं घेऊ. उद्या मूळ चित्रं घेऊन ये."

फेलोशिपचं मॅडम काही बोलल्या नाहीत. विचारायचा धीर करुणाला झाला नाही.