जाईची वाईन आणि आयेचं कुलूप

खोली भाड्याने दिली की माणसं येतात आणि जातात. त्यांच्या चपला, टॉवेल, अर्धे साबण मागे राहतात, आणि किस्सेही. साबण झिजून संपतो, किस्से मात्र वापरले की वाढतात!

हरमलला आमच्या घरामागे मी अशी एक खोली देत असे. गोव्याचं राज्य होण्याच्या आसपासची वर्षं. त्या भाड्यावर आमची लेक मंगल म्हापशाला कॉलेजात जात होती. मी स्वतः शाळेची पायरी चढले नाही, त्यामुळे ती खोली मला देवघराच्या खालोखाल.

घर मात्र सासूचं. आम्ही सगळी तिला आये म्हणायचो. तिची एकच अट: "सोरो उंबऱ्याच्या आत इलो, तर खोलयेक कुलूप." दारू कसलीही असो, आये तिला सोरोच म्हणायची. कुलूप तिच्या उशाखाली तयारच असायचं.

* * *

आता, आयेच्या खाटेखाली काजूच्या फेणीची बाटली होती. गुडघ्यांना चोळायला. औषधाला सोरो म्हणत नाहीत, हे तिनेच ठरवलेलं. रोज जेवणाआधी दार लोटून ती गुडघे चोळायची.

एकदा आमच्या ह्यांनी विचारलं, "आये, दुखतत ते गुडघे. मगे वास तोंडाक कसो येता?"

आये शांतपणे म्हणाली, "चोळल्यार फुंकर मारूक नको?"

* * *

त्या साली खोलीत एलन नावाची गोरी बाई होती. आम्ही तिला एलनबाय म्हणायचो. तिचा वाढदिवस आला. तिच्या गावात म्हणे फुलांचा पाक करतात, ग्लासात थोडा घालतात आणि वरून बुडबुड्यांची वाईन ओततात. हलकं, सुगंधी. तिला ते आमच्या जाईचं करायचं होतं. मी म्हटलं, कर बाई, पण अंगणात. अंगण उंबऱ्याच्या बाहेर येतं.

वाईनच्या दोन बाटल्या आणायला पांडू पायलटला म्हापशाला पाठवलं. पायलट म्हणजे मोटरसायकलवर भाडं मारणारा. भर दुपारची वेळ, बाटल्या पाठीवरच्या पिशवीत. शिवोलीला फेरीबोटीत गाडी चढवली, आणि मध्यावर ठो करून आवाज झाला. फेरीतल्या सगळ्या स्कूटरवाल्यांनी वाकून आपापले टायर दाबून बघितले. पांडूनेही बघितले. सगळे ठणठणीत!

तेवढ्यात मागच्या मासेवालीने त्याच्या भिजल्या पाठीचा वास घेतला. "पांडू, टायरात हवा खंय भरतंस रे? माज्या घोवाकय थंय धाडतंय."

* * *

एक बाटली शाबूत आली, एक अर्धी. आता पाक. एलनबायने मला हातवारे करून समजावलं आणि ती समुद्रावर गेली. मी आपली फुलं टोपात घातली आणि भाजीसारखी रटरट उकळली. जाईची फुलं मी शेजारच्या आवडूवहिनीकडून मागून आणलेली. वरून वेलची, लवंग, जायफळही घातलं. पाहुणीला कमी पडायला नको.

ह्यांना चव बघायला वाटीभर दिलं. हे वाटीत बघत बसले. मग म्हणाले, "गे, हे पियाचां काय फणी घेवन बसाचां?"

एलनबाय आली, तिने वास घेतला आणि मायेने ते सगळं माझ्या केसांना लावलं.

* * *

तिने मग नीट दाखवलं. फुलं उकळायची नाहीत. साखरेचं पाणी उकळून उतरवायचं, कोमट झालं की त्यात फुलं बुडवायची, लिंबू पिळायचं आणि झाकून ठेवायचं. सोपं होतं, पण आवडूवहिनीची वेल रिकामी झालेली. जाई उरली ती आयेच्या वेलावर, आणि आयेची जाई देवाची. एक कळी तोडू देईना.

रोज सकाळी देवावरचं निर्माल्य काढून ओढ्यात सोडायचं काम माझं. त्या सकाळी परडी जाईने भरलेली होती, वास तसाच ताजा. मी परडीकडे बघितलं, टोपाकडे बघितलं.

थोड्या वेळाने आयेने आतून विचारलं, "निर्माल्य खंय सोडलंस गो?"

"पाण्यात," मी म्हटलं. खोटं नव्हतं. फक्त पाण्यात साखर होती.

* * *

ते दिवस भाषेच्या भांडणाचे. आमचे हे मराठीवाले, धाकटे भावोजी कोंकणीवाले. जेवायला शेजारी बसायचे आणि मीठ माझ्यामार्फत मागायचे. दुपारी अर्ध्या बाटलीत पाक घालून दोघांना चव बघायला दिली. लगेच याला नाव काय द्यायचं यावरून जुंपली. हे म्हणाले मराठी नाव, भावोजी म्हणाले कोंकणी. आवाज इतके चढले की माडावरचे कावळे उडाले.

एलनबाय मध्ये आली आणि बाटली वर धरून नुसती हलवली. तळाला थोडीच उरली होती.

दोघांनी एकदमच ग्लास पुढे केले. नाव आजतागायत ठेवलेलं नाही.

* * *

शाबूत बाटली गार व्हायला मी विहिरीत सोडली होती. आमच्याकडे फ्रिज कुठला! संध्याकाळी आवडूवहिनी पाण्याला आली. दोर ओढला तर टोकाला सोनेरी डोक्याची बाटली. ती बाटली घेऊन सरळ आयेसमोर उभी राहिली. "आये, तुमचे बांयचां पाणी आता पॅक होवन येता?"

आयेने बाटली हुंगली, उशाखालचं कुलूप काढलं आणि अंगणात आली. तिथे आम्ही सगळे होतो, मंगल सुद्धा. मंगलची पुस्तकं पायरीवर पडलेली.

"अंगण भायर येता, आये," मी कसंबसं म्हटलं.

"उंबरो खंय आसा तां हांव सांगतलंय," आये म्हणाली आणि खोलीकडे वळली. कडीला हात घातला, आणि तिथेच थांबली. ग्लासांत पाक ओतलेला होता. वारा तिकडूनच येत होता.

"फुलां खंयची?"

मी मान खाली घातली. "देवावयली. तुमीच काल घातलेली."

आयेने कडीवरचा हात काढला. देवावरचं फूल पायदळी येऊ द्यायचं नाही, गटारात जाऊ द्यायचं नाही, हे तिनेच मला शिकवलेलं. तिने मंगलला देवघरातली पळी आणायला सांगितली. एलनबायने मागोमाग आलेल्या आवडूवहिनीकडून बाटली घेतली, घाबरत उघडली, ग्लास भरला. आये पाटावर बसली. उजवा हात मोकळा हवा म्हणून कुलूप बाजूला ठेवलं. पळीभर तळहातावर घेतलं, डोळे मिटून प्यायली, हात डोक्यावरून फिरवला.



आयेने डोळे उघडले, पळीकडे बघितलं.

"मंगल, ही ल्हान पडता गो. पेज वाढूचो डवलो हाड."