भिमाबाईंची हाक

आमच्या नावडे कॉलनीतल्या भिंती इतक्या पातळ, की शेजारचा कुकर कितव्या शिट्टीला बंद झाला तेही कळतं. त्यामुळे भिमाबाईंची हाक मला दिवसभर ऐकू येते. "अक्षता?" मागोमाग लेकीचा आवाज, "हाय गं, आई." थोड्या वेळानं पुन्हा "अक्षता?", पुन्हा "हाय." काम काही सांगायचं नसतं. पोरगी आहे ना, एवढंच ऐकायचं असतं.

भिमाबाई मूळच्या परभणीकडच्या. नवरा किसन तळोज्याच्या एका कारखान्यात, त्या स्वतः दोन घरी पोळ्या करतात. बाई मोठ्यानं हसणारी, भांडणात मागं न हटणारी. पाण्याच्या टँकरवरून आमचं दोघींचं चांगलंच वाजलेलं आहे. ह्या उन्हाळ्यात त्यांचा थोरला, सौरभ, आत्महत्या करून गेला. का, ते मला विचारू नका. आईबापाला ठाऊक नाही, पण कॉलनीत ज्याला त्याला ठाऊक आहे. कुणी मोबाईलवर खापर फोडलं, कुणी न पाहिलेल्या पोरीवर. एक बाई भेटायला आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "आईला कसं कळलं नाही हो?" मी तिला दारापर्यंत पोचवलं आणि चपलाही हातात दिल्या.

तेव्हापासून भिमाबाईंच्या जिवाला एकच घोर, अक्षताचा. पोरगी नेरूळच्या कॉलेजात जाते, ती परत येईपर्यंत ह्यांच्या पोटात अन्न जात नाही. किसननं घरातल्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या. अक्षता आंघोळीला गेली की आतून दाराला बादली लावते आणि आई बाहेर उभी असते. पाण्याचा आवाज थांबला की हाक. "भावाच्या मागं ही गेली तर?" असं त्या माझ्याजवळ एकदाच बोलल्या, कणीक मळता मळता, मान वर न करता.

मग पुण्यानुमोदनाचा दिवस ठरला. आमच्यात बुद्धवंदना झाली की गेलेल्या माणसाबद्दल चारजण उभं राहून बोलतात. भिमाबाईंनी नवऱ्याला आधीच सांगितलं होतं, "माईक नको. वंदना घ्या, लोकांना जेवू घाला, बास."

"माईक नसला तर लोक म्हणतील, लपवायलेत," किसन म्हणाला. "माझं लेकरू काय चोर नव्हतं."

त्याचंही खोटं नव्हतं. विहारापुढं मांडव पडला आणि माईक आला.

सौरभचे शिक्षक चांगलं बोलले. एका मित्रानं माईक हातात घेतला आणि तसाच परत दिला. मग कॉलनीतले शहाजीराव उठले. ह्या माणसाला लग्न असो की मयत, माईक दिसला की कंठ फुटतो. "आपल्या समाजाला लढायला शिकवलंय, पळायला नाही," ते म्हणाले. "हा भ्याडपणा आहे. संस्कार कुठं कमी पडले ते आईबापानं तपासावं. आणि बहिणीनं तरी आता त्यांच्यावर अशी वेळ आणू नये."

सगळ्या माना मागं वळल्या. अक्षता मागं पिंपाजवळ लोकांना पाणी देत होती. आता तिथं नुसता पेला आडवा पडला होता.

भिमाबाई उठल्या. "अक्षता?" उत्तर आलं नाही. किसन चपला न घालताच घराकडं धावला. भिमाबाई सरळ पुढं गेल्या आणि शहाजीरावांच्या हातातून माईक काढून घेतला. मला वाटलं, आता ह्याची बिनपाण्यानं होणार, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. पण त्यांनी नुसती हाक मारली. "अक्षता?" कर्ण्यातून ती पार कारखान्यांपर्यंत गेली असेल. "हायस का, माय?"

इतकी भीती मला माझ्या माणसाच्या ऑपरेशनलाही वाटली नव्हती.

विहाराच्या मागून आवाज आला, "हाय." अक्षता मांडवाचा बांबू धरत धरत पुढं आली. रडून डोळे सुजले होते. भिमाबाईंनी माईक खाली ठेवला आणि तिचं मनगट धरलं.

"वहिनी, मी आपलं समजावणीचं बोललो," शहाजीराव म्हणाले.

"भाऊ, तुमी आता जेवून घरी जाल," भिमाबाई म्हणाल्या. "मला न्हाणीच्या दाराशी उभं ऱ्हायचंय."

घरी येताना मी त्यांच्यासोबत होते. जिन्यात अक्षता म्हणाली, "आई, तुझ्या हाकेचा मला राग यायचा. पण तू गप झालीस का मला जास्त भ्या वाटतं. तुझ्या दाराशी कोन उभं ऱ्हातं?" भिमाबाई पायरीवरच थांबल्या. त्यांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं, आणि माझ्याही नाही.

आता भिंतीपलीकडून दोन हाका येतात. "अक्षता?" "हाय." "आई?" "हाय." भीती गेलेली नाही. कड्या अजून किसनच्या खिळ्यांच्या डब्यात पडून आहेत.

परवा दुपारी अक्षता कॉलेजात होती आणि पलीकडं बराच वेळ भांडं वाजलं नाही. माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. मी भिंतीवर थाप मारली, "भिमाबाई?" काही नाही. पुन्हा मारली. उठून दाराकडं निघाले, पायात चप्पल जाईना. तेवढ्यात पलीकडून थाप आली.

"हाय बाई, हाय. डोळा लागला होता."

मी खाली बसले आणि मेथी निवडायला घेतली.