सतरा नंबरचं रक्त

रविवार दुपारचे पावणेतीन. दिवाणावर आडवी झाले आहे ती फक्त दहा मिनिटं, असं स्वतःला बजावून. पोटावर लॅपटॉप आहे आणि हातात प्रयोगशाळेतला निळा मार्कर, कारण हातात काहीतरी धरल्याशिवाय मला विचार करता येत नाही. संध्याकाळी सहापर्यंत अहवाल समितीकडे जायचा आहे. साठीपुढच्या माणसांना आमच्या नव्या प्रोटीन लसीचा एक डोस पुरेल की दोन लागतील, हे समिती त्यावरून ठरवणार. चोवीस जणांवर चाचणी झाली. तेवीस जणांचे आकडे इतके देखणे आहेत की त्यांच्याकडे बघत डोळे मिटावेत.

पंखा फिरतोय. त्याचा आवाज जड होत जातो, आणि मग तो पंख्याचा नसतोच. प्राण्यांच्या खोलीतल्या हवा ओढणाऱ्या यंत्राचा असतो. दिवाणाच्या पायथ्याशी पिंजऱ्यांची रांग आहे आणि कोळपेमामा एकेका सशाला घास घालतायत.

बिरू कोळपे. माण तालुक्यातले, मेंढपाळांच्या घरातले. आमच्या संस्थेत एकतीस वर्षं त्यांनी ससे-उंदरांची निगा राखली. निवृत्त झाले तरी कंत्राटावर येत राहिले, कारण नवा माणूस सशांना कानाला धरून उचलतो हे त्यांना बघवत नव्हतं. गेल्या मार्चमध्ये ते वारले. हे मला स्वप्नातही पक्कं ठाऊक आहे, म्हणून मी उठून बसत नाही. उठले तर त्यांच्याकडे बघावं लागेल.

“मॅडम, झोपा की,” ते म्हणतात. “माझं मोजायचं चाललंय.”

ते सशाचा डावा कान उलटा करतात, आतल्या बाजूला मार्करची एक रेघ मारतात आणि पुढच्याकडे वळतात. मोजलेल्याला खूण. ही त्यांची पद्धत मला पाठ आहे. त्यांच्या डाव्या मुठीत काहीतरी आहे, आणि ते काय आहे हे मूठ न उघडताच मला कळतं. रक्तातल्या पिवळसर पाण्याची कुपी, गोठलेली. मुठीच्या उबेनं ती वितळवायची त्यांना सवय होती आणि त्यावरून मी त्यांना कितीदा तरी झापलं होतं. आताही तोंडातून तेच निघतं, की मामा, बर्फात ठेवा, हातात नको. मेलेल्या माणसाला मी शिस्त लावतेय. ते ओशाळं हसतात आणि मूठ आणखी घट्ट करतात.

पिंजरे संपतात तिथे माळ सुरू होतो. मधे दार नाही, काही नाही. माळ जांभळा आहे, आमच्या तबकड्यांमधल्या रंगासारखा. तबकडीतल्या पेशींवर आम्ही विषाणू सोडतो आणि सोबत लस घेतलेल्या माणसाचं ते पिवळसर पाणी. पेशी जगल्या तर रंग धरतात, जांभळ्या दिसतात. मेल्या तर त्या जागी पांढरं भोक. त्या जांभळ्या माळावर पांढरी वर्तुळं पडली आहेत आणि मामांची मेंढरं ती चुकवत चालली आहेत. मी चपला हातात घेऊन त्यांच्या मागे चालते. चपला का काढल्या ते ठाऊक नाही, पण घातलेल्या असत्या तर मला फार लाज वाटली असती.

“तेवीस,” मामा म्हणतात. “एक कमी भरतंय.”

मी म्हणते, सगळी आहेत, पुन्हा मोजा. अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात मी त्यांना चहाच्या टपरीवर ‘उत्तम’ म्हणाले होते.

ते सांगायलाच हवं. चाचणीतल्या माणसांची नावं आम्हाला कळू देत नाहीत, कुपीवर फक्त नंबर असतो. पण मामांना स्वतः लस टोचून घेतल्याचा केवढा अभिमान. आपलं कार्ड त्यांनी सगळ्यांना दाखवलं होतं, मलाही. सतरा नंबर. त्यानंतर महिन्याभरानं सतरा नंबरची कुपी माझ्या हाती आली. जुन्या विषाणूला तिनं छान अडवलं. नव्या अवतारापुढे मात्र तबकडीभर पांढरी भोकं. मी चाचणी पुन्हा केली, आणि पुन्हा केली. तेच. मग मी तक्त्यातल्या सतरा नंबरच्या ओळीपुढे लिहिलं: ‘नमुना खराब, वगळला.’ वरून कोणी सांगितलं असतं तर त्याच्यावर ढकलून मोकळी झाले असते. कोणीही सांगितलं नव्हतं. तेवीस आकड्यांच्या त्या सुरेख रांगेत तो एक आकडा मला खुपत होता, इतकंच.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी टपरीवर विचारलं होतं, “मॅडम, माझं रगात काय म्हणतंय?” निकाल सांगायचा नाही असा नियम आहे. पण ‘उत्तम’ म्हणा, असं काही नियमात लिहिलेलं नव्हतं. ते माझ्या पदरचं. ते खुशीत भाचीच्या लग्नाला गावी गेले, चार दिवस मांडवात राबले, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता. आठवड्यानं ताप घेऊन आले आणि नवव्या दिवशी गेले.

आता आम्ही त्या मांडवात आहोत. पंगत बसली आहे, पण पत्रावळींवर काही वाढलेलं नाही. मामा माझ्याशेजारी मांडी घालून बसलेत, मुठीतली कुपी अजून सोडत नाहीत.

“मामा,” मी म्हणते, “मी तुमच्याशी खोटं बोलले.”

“व्हय,” ते म्हणतात. “ताप चढला तवाच उमगलं.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी वाट बघत राहते. ते पत्रावळीवरची धूळ हातानं पुसतात, आणि मग अगदी हळू आवाजात, आपलंच काही चुकलं असावं तसे विचारतात,

“पर खराब म्हून का लिवलं, मॅडम? खराब न्हवतं वो. सकाळी सहाला उपाशीपोटी आलतो, तुमी सांगितल्यागत. च्या बी घेतला न्हवता.”

ते मूठ उघडतात. कुपी पूर्ण वितळली आहे. आतलं पाणी स्वच्छ, गवताच्या काडीच्या रंगाचं, खराब नमुन्यात उतरते तशा लालीचा एक ठिपकाही नाही. त्याहून चांगला नमुना मी आजवर पाहिला नसेल. मला इतकी लाज वाटते की पंगतीतून उठून पळावंसं वाटतं.

“आमचा बा मेंढरं मोजायचा,” मामा म्हणतात, “तवा लंगडं आदी मोजायचा. धडधाकटाला काय, ते दिसतंच. लंगडं ऱ्हातंय मागं, अन् लांडगा त्येच नेतो.”

मी म्हणते, मोजते मामा, तुम्हाला आधी मोजते.

ते नाही म्हणून मान हलवतात. मार्करचं टोपण दातांनी काढतात, सशाला धरावं तसा माझा डावा कान दोन बोटांत हलकेच धरतात आणि उलटा करतात. शाईचा थंड ओलावा लागतो.

“मला कशाला, मामा? मी कुठं...”

“गप ऱ्हावा,” ते म्हणतात. “लंगडं आदी.”

जाग येते. पंखा फिरतोय. स्वयंपाकघरात नवऱ्यानं चहा टाकलाय, आल्याचा वास येतोय. घड्याळात चारला पाच कमी. दहा मिनिटांची ही अशी गत. मार्कर उशीपाशी पडला आहे, टोपण लावलेलंच आहे.

मी तोंडावर पाणी मारायला बेसिनपाशी जाते. आरशात बघायचं मी टाळते, गेले काही महिने टाळतेच. मग हात आपसूक डाव्या कानाकडे जातो, मी कान उलटा करते आणि मान वळवते. आतल्या बाजूला एक निळी रेघ आहे. सरळ, बोटाच्या पेराएवढी. साबणानं घासते. मग कापसावर स्पिरिट घेऊन घासते, कान लाल होईपर्यंत. रेघ फिकटही होत नाही. ती शाई कुप्यांसाठीच बनवलेली असते, बर्फानं किंवा स्पिरिटनं जाऊ नये म्हणून.

नवरा कप घेऊन येतो. पाठवलास का अहवाल, म्हणून विचारतो. मी सांगते की अजून नाही, एक ओळ राहिली आहे.

तक्ता उघडते. सतरा नंबरची ओळ तळातून उचलून सगळ्यात वर आणते आणि आकडा भरते. समिती आता दुसऱ्या डोसाचं विचारेल, आणि मग माझंही विचारेल. ‘नमुना खराब’ खोडते. त्या जागी लिहिते: ‘नमुना उत्तम होता. वगळण्याची चूक माझी.’ खाली माझं पूर्ण नाव घालते. कान अजून ठणकतोय.